मोमेनाबाई आणि एक जून

मोमेनाबाई कुठेही गेली की आधी मागचं दार शोधायची. आमच्या शाळेच्या ऑफिसात ती पहिल्यांदा आली, तेव्हाही तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. उंबऱ्यातच उभी राहिली, टेबल, कपाट, खिडकी सगळं नजरेखालून घातलं आणि सोबतच्या पोरीच्या कानात काहीतरी पुटपुटली. पोरगी लाजत म्हणाली, "मा पूछ रही है, पीछे से निकलने का रास्ता है क्या?"

रावेर तालुक्यातल्या त्या हायस्कुलात तेव्हा मला क्लार्क होऊन एकोणतीस वर्षं झाली होती. शाळेत क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात. पगार सोडला तर बाकी थाट साहेबाचाच. दाखल्यासाठी भांडणारे पालक मी पाहिले होते, रडणारे पाहिले होते, एकदोन दारू पिऊन आलेलेही पाहिले होते. पण येण्याआधी पळायची वाट विचारणारी ही पहिलीच. मी म्हटलं, "रस्ता नाही, मागे मुतारी आहे. तिथून भिंत चढून पोरं पळतात." पोरीने ते आईला तिच्या भाषेत सांगितलं. आईने गंभीरपणे मान हलवली आणि मगच आत पाऊल टाकलं.

खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. अंगावर धुऊन धुऊन विटलेला सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी आणि छातीशी धरलेली प्लास्टिकची पिशवी. पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात तिसरी, आणि तिच्यात दोघींची निर्वासितांची कार्डं. बाई पस्तिशीची असेल, दिसायची पन्नाशीची.

त्या दोघी रोहिंग्या. हा शब्द मी तोवर फक्त टीव्हीवर, चार माणसं एकमेकांवर ओरडत असताना ऐकलेला. म्यानमारमधलं त्यांचं गाव जाळलं गेलं, नवरा त्यातच गेला, आणि ही तीन वर्षांची पोर पाठीशी बांधून नदी ओलांडून आली. आधी बांगलादेश, मग हैदराबादेत झोपड्यांच्या वस्तीत काही वर्षं, आणि तिथून एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर आमच्याकडे केळीच्या कामाला. हे तिने मला कधी ओळीने सांगितलं नाही. दोन-अडीच वर्षांत तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. त्या दिवशी तिने एवढंच सांगितलं की पोरीला आठवीत बसवायचं आहे.

कायद्याने मुलाला कागदासाठी अडवता येत नाही. मी जनरल रजिस्टर उघडलं. हे रजिस्टर म्हणजे शाळेचा देव्हारा. त्यात एकदा शाईने लिहिलं की वरून हुकूम आल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलत नाही, आणि पुढे माणूस म्हातारा होईस्तोवर सगळीकडे तेच चालतं.

"नाव?"

"शोमिरा."

बापाचं नाव झालं, आईचं झालं. जन्मस्थळाच्या रकान्याशी मी थबकलो. मला तिचं भलं करायची हौस आली. म्हटलं, "हैदराबाद लिहितो. पुढे कुणी खोदून विचारणार नाही."

शोमिराने सांगितलं. मोमेनाबाईने त्या दिवशी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "नक्को," ती म्हणाली. हा हैदराबादेत कमावलेला शब्द. आणि तिने आपल्या गावाचं नाव सांगितलं.

मला ते तीनदा विचारावं लागलं. तिन्ही वेळा तिने ते सारख्याच आवाजात सांगितलं. लिहून झाल्यावर ती टेबलावर वाकून त्या अक्षरांकडे पाहत राहिली. तिला कुठलीच लिपी वाचता येत नव्हती.

"ते गाव आता आहे का तिथं?" मी उगाच विचारलं.

"नहीं," ती म्हणाली. "इसके वास्ते लिखो."

मी जरा ओशाळलो. आणि त्या ओशाळलेपणात, तोंडाने काहीतरी बडबडत, मी पुढचा जन्मतारखेचा रकाना भरून टाकला. एक जून.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे पूर्वी घरी बाळंत होणाऱ्या बायका तारीख कुठे लिहून ठेवत? पोरगं शाळेत आणलं की मास्तर त्याचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो का ते पाहायचा आणि एक जून टाकून द्यायचा. शाळा जूनमध्ये उघडते, वय बरोबर बसतं. त्यामुळे आमच्या भागातली अर्धी जुनी माणसं एक जूनला जन्मली. माझीही तारीख एक जूनच. माझ्या बायकोचीही. एक जूनला आमच्या घरी कुणीच कुणाला शुभेच्छा देत नाही. नव्या पोरांना दवाखान्याचे दाखले असतात, पण कागद नसलेलं पोर समोर आलं की माझा हात आपोआप तिकडे वळायचा. शोमिराच्या कार्डावर तारीख होती. ते कार्ड टेबलावर, माझ्या कोपराशी पडलेलं होतं. मी त्याची झेरॉक्स काढून फाईलला लावली. वाचलं मात्र नाही.

मोमेनाबाई राजूभाऊंच्या केळी पॅकिंगच्या शेडमध्ये लागली. शेतातून कापून आणलेल्या घडांच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्याच्या हौदात धुवायच्या, पुसून खोक्यात भरायच्या. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही, म्हणून बायका वरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. मोमेनाबाईकडे नवऱ्याचा शर्ट नव्हता. राजूभाऊंनी आपला एक दिला, तर तिने तो घडी करून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी खताच्या गोणीचा अंगरखा शिवून घालून आली. कुणाच्या नवऱ्याचा शर्ट आपण कसा घालायचा, असं तिचं म्हणणं. शेडमधल्या बायका पोट धरधरून हसल्या. महिनाभराने त्यातल्या तिघी गोणीच्याच अंगरख्यात होत्या.

केळी तिला नवी नव्हती. तिच्या मुलुखात घरोघर केळी. पण आपण केळफूल मोडून बांधावर फेकतो आणि घड कापला की खोड तिथेच कुजू देतो, हे पाहून ती पहिल्या आठवड्यात सुन्न झाली होती म्हणे. "इतना खाना फेंकते," असं ती शोमिराला पुनःपुन्हा सांगायची. रोज संध्याकाळी ती दोन केळफुलं आणि खोडाचा गाभा ओढणीत बांधून घरी न्यायची.

एकदा तिने त्या केळफुलाची भाजी डबीत घालून माझ्यासाठी पाठवली. आमच्या घरात चार पिढ्या केळी आहे, पण केळफूल कुणी शिजवलेलं नाही. आता खोटं कशाला बोलू, दुसरंही कारण होतं. तिच्या घरचं खायचं की नाही हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि उत्तर न देता डबी शिपायाला दिली. दुसऱ्या दिवशी डबी धुऊन परत केली. म्हटलं, "फार छान झाली होती भाजी."

मोमेनाबाईने डबी घेतली. माझ्याकडे पाहून ती हसली. तिचं हसणं मी तीन-चारदाच पाहिलं असेल. "आप नहीं खाए, भाऊसाब," ती म्हणाली. "मैं नमक डालना भूल गई थी."

त्यानंतर तिने दुसऱ्यांदा डबी पाठवली, तेव्हा मी ऑफिसात दार लावून एकटाच बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. मीठ बरोबर होतं. तसा निरोप दिला. तिने विश्वास ठेवला की नाही कोण जाणे.

तिला "कसं काय?" विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं. "ठीक है. अभी तक." खोली मिळाली? मिली, अभी तक. पोरीची तब्येत? अच्छी है, अभी तक. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. चांगलं चाललंय म्हणायला या बाईचं काय जातं, असं वाटायचं. शेडमधल्या बायकांनी तर तिचं नावच "अभीतक" पाडलं होतं. "ये व अभीतक, चहा घे," असं म्हणत त्या तिला बोलवायच्या आणि ती यायची, चहा घ्यायची, पण दाराकडे पाठ करून कधी बसायची नाही.

शोमिराचं मात्र सगळं उलट. ती पाण्यात साखर विरघळावी तशी गावात मिसळली. सहा महिन्यांत आमची बोली अशी बोलायला लागली की फोनवर ऐकलं तर वाटावं, कुणा पाटलाचीच पोर आहे. "मले नही येत जा, तूच सांग," असं वर्गात भांडायची. गणितात पहिली. निबंधात कच्ची, पण कबड्डीत पाय धरला की सोडत नसे. गावच्या पोरींबरोबर ती सायकलवर डबलसीट फिरायची आणि आई वाटेत दिसली की उतरून गप चालायला लागायची. आईची भाषा तिला इतरांसमोर नको असे. हे सगळ्याच पोरांचं होतं, त्यात नवल नाही. पण इथे आईशी त्या भाषेत बोलायला दुसरं कुणीच नव्हतं.

म्हणून मोमेनाबाईने एक नेम लावला होता. दर शुक्रवारी दुपारी, शेडला सुट्टी नसली तरी जेवणाच्या वेळात, ती शोमिराला समोर बसवून आपल्या जुन्या गावातल्या घरांची हजेरी घ्यायची. मी एकदा उपस्थितीचं विचारायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो, तेव्हा ऐकलं. आई विहिरीपासून सुरू करायची. पहिलं घर कुणाचं, दुसरं कुणाचं, चिंचेखाली कोण राहायचं, तिथून मशिदीपर्यंत किती उंबरे, कुणाला किती मुलं. शोमिराने ओळीने सांगायचं. त्या दिवशी ती सातव्या घराशी अडली. बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवत होती.

"मले नही आठवत," ती चिडून मराठीतच म्हणाली. "मी पाह्यलंच नही ते गाव. जळालं ना ते? मग कायले?"

मोमेनाबाईला शब्द कळले नसतील, सूर कळला. ती रागावली नाही. तिने पुन्हा विहिरीपासून सुरू केलं. शोमिरा खिडकीबाहेर पाहत एकेक नाव सांगत गेली आणि सातव्या घराचं नाव आईने स्वतः हळूच घातलं. मला तिथे उभं राहवेना. मी काही न विचारताच परत फिरलो.

मोमेनाबाईला या देशात फक्त एकच गोष्ट हवी होती, आणि ती तिने लपवली नाही. शोमिराने दहावीला बसावं. पास होणं पुढचं, आधी बसावं. हैदराबादच्या वस्तीत कुणाच्या तरी मुलीचं दहावीचं सर्टिफिकेट तिने पाहिलं होतं. त्यावर मुलीचं नाव, आईचं नाव, दोन्ही छापलेलं. तेव्हापासून ते तिच्या डोक्यात बसलं होतं. एकदा ऑफिसात येऊन तिने मला खास तेवढ्यासाठी विचारलं.

"भाऊसाब, दसवीं का कागज वापस लेते क्या?"

"वापस? नाही. एकदा दिलं की दिलं."

"हर दो-तीन साल में नया नहीं करना पड़ता?"

तिच्या कार्डाची मुदत संपली की दिल्लीला जाऊन नवं करावं लागायचं. प्रत्येक वेळी नवा फोटो, तेच प्रश्न. मी म्हटलं, "नाही, मोमेनाबाई. ते मरेपर्यंतचं."

तिने पिशवीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "अच्छा." एरवीचं "अभी तक" त्या दिवशी तिने लावलं नाही, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

शोमिरा दहावीत गेली. दिवाळीच्या सुमारास बोर्डाचे फॉर्म भरायला सुरुवात झाली. तिच्या फॉर्मपाशी काम अडलं. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात काय भरायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. हेडमास्तर पाटील सर सरळ माणूस, पण भित्रा. त्यांनी वर पत्र टाकलं. वरून पत्र आणखी वर गेलं आणि शेवटी मुलीची सगळी कागदपत्रं घेऊन या, आईला घेऊन या, शाळेच्या संबंधित कर्मचाऱ्यालाही पाठवा, असा जळगावहून निरोप आला.

जायच्या आदल्या दिवशी मी फाईल काढली आणि तेव्हा पहिल्यांदा ती झेरॉक्स नीट वाचली. कार्डावर शोमिराची जन्मतारीख होती एक जानेवारी. साल तेच. माझ्या रजिस्टरात एक जून.

पुढे मला कळलं की तारीख माहीत नसली की कार्डं करणारेही आपल्यासारखंच करतात. आपण जून घालतो, ते जानेवारी. म्हणजे त्या पोरीच्या दोन तारखा होत्या आणि दोन्ही कुणातरी क्लार्कने घातलेल्या. पण कागदावर ते असं दिसत नाही. कागदावर दिसतं की परदेशी मुलगी, दोन अधिकृत कागद, दोन जन्मतारखा. यातला एक खोटा.

मी पाटील सरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तुमची निवृत्ती कधी?"

"सहा महिन्यांनी."

"मग एक सांगतो. कागद समोर असताना मी मनाची तारीख घातली, असं तुम्ही तिथं बोललात की ते एवढ्यावर थांबणार नाहीत. तीस वर्षांची रजिस्टरं काढतील. किती एक जून निघतील?"

मी दोन्ही कागद उचलून परत फाईलला लावले.

"पालकाने सांगितली तशी लिहिली, असं म्हणा. सगळे तसंच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही जळगावला गेलो. शोमिराची चाचणी परीक्षा होती, ती आली नाही. मोमेनाबाई खिडकीशी बसली होती, मी दोन बाकं मागे. तिने त्या दिवशी बिनडागाचा कमीज घातला होता. तो कुणाचा तरी मागून आणलेला होता, बाह्या मनगटाच्या खाली येत होत्या.

ऑफिसचं नाव सांगण्यात अर्थ नाही. साहेब तरुण होते, रागीट नव्हते, दमलेले होते. त्यांनी दोन्ही कागद पाहिले. आधी मोमेनाबाईला विचारलं, मुलगी नेमकी कधी जन्मली?

आजवर तिला हे कुणी विचारलं नसावं. ती एकदम बोलायला लागली. तिच्या तुटक्या हिंदीत तिने सांगितलं की पानमळ्यात पाणी शिरलं होतं, आणि पाणी उतरल्यानंतर तिसरा दिवस होता. जुम्मा होता. अजान झाली आणि पोर झाली. नवरा चिखलातून सुईणीला खांद्यावर घेऊन आला होता. साहेब ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हो, पण तारीख?"

मोमेनाबाई थांबली. तिच्याकडे तारीख सोडून सगळं होतं.

साहेब माझ्याकडे वळले. "रजिस्टरमध्ये एक जून कुणी लिहिलं?"

"मी."

"कशावरून?"

मला त्या खोलीतला पंखा आठवतो. साहेबांच्या टेबलावरचा निळा पेपरवेट आठवतो. माझ्या डाव्या हाताला, दीड हातावर, ती उभी होती. मी म्हणालो, "पालकांनी सांगितली तशी लिहिली, साहेब."

मीठ नसलेली भाजी मी खाल्ली नाही, हे जिला कळलं होतं, तिला हे कळणार नाही असं मला वाटलं होतं का? नाही वाटलं. मला ठाऊक होतं की तिला कळणार, आणि तरी मी म्हणालो.

साहेबांनी हिंदीत विचारलं, "तुमने एक जून बताया था?"

मी मान वर केली नाही. मला वाटलं, आता ती सांगेल. सांगावं असंही कुठेतरी वाटत होतं.

"हौ साब," मोमेनाबाई म्हणाली. "मैंने ही बताया."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तिने अंगठा केला.

परतीच्या एसटीत मी तिच्या शेजारच्या बाकावर बसलो. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं. सावद्याच्या अलीकडे मी विचारलं, "असं का म्हणालात तुम्ही?"

ती बाहेर केळीकडे पाहत होती. "मेरे नाम पे बहुत लिखा है, भाऊसाब," ती म्हणाली. "एक लाइन और. आपका कागज साफ है."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं झालं असतं. मी माफी मागितली नाही. गाडीत ओळखीची माणसं होती, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचं फार पटापट झालं. आईने खोटी माहिती दिली असा शेरा आला, आणि जन्मतारखेचा निकाल लागेपर्यंत शोमिराचा फॉर्म थांबला. थांबला म्हणजे त्या वर्षी गेलाच. मोमेनाबाईला दर आठवड्याला जळगावला हजेरी द्यायला सांगितलं. त्या दिवशीचं काम बुडायचं. मग चौकशीला दोनदा पोलीस शेडवर आले. राजूभाऊंनी तिला काढलं. ते वाईट माणूस नाहीत. शेडच्या दारात जीप उभी राहिली की व्यापारी येत नाही, एवढंच ते म्हणाले. खोली रिकामी करून घ्यायला मालकाला तर दोन दिवससुद्धा लागले नाहीत. शेडमधल्या एका बाईने, सिंधूअक्का तिचं नाव, गोठ्याशेजारची पडवी रिकामी करून दिली. "पोरीची परीक्षा होऊ द्या, मंग जा कुठीबी," ती गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. पण परीक्षाच उरली नव्हती.

शोमिरा त्या दिवसांत शाळेत यायची, मागच्या बाकावर बसायची, सराव परीक्षेचे पेपरही तिने दिले. गणितात त्याही वेळी पहिली आली. सरांनी वर्गात पेपर वाटला तेव्हा तिने तो चार घड्या करून दप्तरात टाकला आणि कुणाशी बोलली नाही. तिला कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही. ऑफिसवरून जाताना ती मला पूर्वीसारखंच "नमस्ते सर" म्हणायची, म्हणजे आईने तिला काही सांगितलं नसावं.

जानेवारीत मोमेनाबाई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. धुळ्याला कुणाच्या तरी ओळखीने पॉवरलूमवर काम मिळत होतं. मी दाखला लिहिला. जन्मस्थळाच्या ठिकाणी तिच्या गावाचं नाव लिहिलं, जन्मतारखेच्या ठिकाणी एक जून. रजिस्टरात आहे तेच लिहावं लागतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरूनही परीक्षेला बसता येतं, असं मी तिला समजावून सांगितलं. पण त्यालाही हाच दाखला लागणार आणि त्यावर हीच तारीख असणार, हे सांगायची मला हिंमत झाली नाही. तिने विचारलं नाही. दाखला तिसऱ्या पिशवीत, तिच्यावर दुसरी, तिच्यावर पहिली. "सलाम, भाऊसाब," म्हणून ती गेली.

मेअखेर मी निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, पेढे. भाषणात पाटील सर म्हणाले, इतक्या वर्षांत भाऊसाहेबांच्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा होतो आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी, मार्च महिन्यात, मी धुळ्याला साडूकडे वास्तुशांतीला गेलो होतो. आदल्या सकाळी सामान आणायला म्हणून बाहेर पडलो आणि पॉवरलूमच्या वस्तीकडच्या एका शाळेवरून जात होतो. दहावीचा पेपर चालू होता. फाटकाबाहेर पालकांची ही गर्दी. ऊन तापलेलं, बायका पदर डोक्यावर घेऊन भिंतीच्या सावलीला दाटीवाटीने उभ्या. त्यात मला मोमेनाबाई दिसली.

मला काय आनंद झाला ते सांगता येत नाही. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तसं झालं. गर्दीतून वाट काढत मी तिच्यापर्यंत गेलो. ती वाळली होती. केसांत, भुवयांत कापसाची पांढरी तुसं अडकलेली. तिने मला ओळखलं.

"बसली ना शोमिरा?" मी जवळजवळ ओरडलोच. "कोणत्या शाळेतून भरला फॉर्म?"

"शोमिरा कारखाने पे है, भाऊसाब," ती म्हणाली. "सूत की कांडी भरती है. दिन पाली."

मला समजेना. "मग तुम्ही इथं?"

"मेरी रात पाली है. सुबह छूटती हूँ." ती फाटकाकडे पाहत बोलत होती. "पहले पेपर से आती हूँ. उसको मालूम नहीं. देखती हूँ कैसे जाते हैं, कैसे निकलते हैं सब." मग म्हणाली, "आज बीजगणित है."

दीड वर्ष मनात घोळवलेली माफी मी घशापर्यंत आणली, तेवढ्यात शेजारची एक बाई, हातात टिफिनची पिशवी घेतलेली, मोमेनाबाईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "रोज दिखतस तुमी. तुमनी पोर कोणता वर्गमा बठेल शे, बहीण?"

"सात नंबर," मोमेनाबाई म्हणाली. जराही अडखळली नाही.

बाईने माझ्याकडे पाहिलं. "आनि तुमी? सर शेतस का?"

"हो," मी म्हणालो. "तिच्याच शाळेतला. गणितात पहिली असते पोरगी."

मोमेनाबाई माझ्याकडे वळली नाही. घंटा झाली, फाटक उघडलं आणि मुलं लोंढ्याने बाहेर पडली. हातात प्रश्नपत्रिका, तोंडात उत्तरं, कुणी हसतंय, कुणी रडतंय. शेजारच्या बाईची पोरगी आली, आईने तिला पाणी दिलं, दोघी निघून गेल्या. मोमेनाबाई जागची हलली नाही. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडाकडे ती बघत होती, एकीलाही न वगळता. शेवटच्या चारपाच पोरी रेंगाळत बाहेर आल्या आणि शिपायाने फाटक ओढून घेतलं. भिंतीशी आम्ही दोघंच उरलो.

"हँस रहे थे आज," ती म्हणाली. "आसान होगा पेपर."

तिने ओढणी सारखी केली. मी विचारलं, "परवा येणार?"

"परसों भूमिती है ना," मोमेनाबाई म्हणाली. "आऊँगी." आणि कारखान्यांच्या गल्लीकडे चालू लागली.